गढी पावसानं पडत नाही

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार.

आज विषय गढीचा. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या कितीतरी जुन्या गावांत उंचावर एक मातीचा ढिगारा दिसतो. अर्धा बुरूज उभा, त्यावर वेड्या बाभळी. विचारलं की उत्तर ठरलेलं, "ती व्हय? देशमुखाची गढी हाय." मी कोडिंग करून पोट भरतो, पण सुट्टीत गावाकडं आलो की मोबाईल घेऊन अशा गढ्या बघत फिरतो. आणि प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य ऐकतो, "पावसानं पडली." आज मला हेच वाक्य खोडायचंय.

आधी गढी समजून घेऊ. किल्ला राजाचा, गढी वतनदाराची. देशमुख, पाटील शेतसारा गोळा करायचे. तो पैसा, धान्य आणि घरची माणसं राखायची तर भिंत भक्कम हवी. काळही तसाच होता. आपल्याच भागातल्या नव्ह्याच्या किल्ल्यातून नोसाजी नाईकांनी जानेवारी १८१९ मध्ये निजामाच्या फौजेला तीन आठवडे झुंजवलं होतं. गढीला खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती. बुरुजात बंदुकीसाठी भोकं, त्यांना जंग्या म्हणतात. आत देवडी, चौक, सागवानी खांब, धान्याचं बळद आणि पाण्याचा आड.

आता खरी गोम ऐका. अशा घराचं मालवद मातीचं असतं. ते दरवर्षी पावसाळ्याआधी नीट करावं लागतं, भिंतीही लिंपाव्या लागतात. म्हणजे गढी एकदा बांधून भागत नाही, दर साल हप्ता भरावा लागतो. हा हप्ता कोण भरायचं? गावातली गरीब माणसं, पुष्कळदा वेठीला धरलेली. म्हणून गढीबद्दल बोलताना नुसते उसासे टाकू नका. त्या भिंतींत कुणाकुणाचा फुकटचा घाम आहे.

ही व्यवस्था हळूहळू मोडली. पहिला धक्का निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिला. १८६५ च्या सुमारास त्यांनी जिल्हे पाडले, सारावसुली सरकारी नोकरांकडं दिली, देशमुखांच्या हातात रुसूम तेवढा उरला. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं. १९४९ ला जहागिऱ्या गेल्या, १९५० ला कूळकायदा आला. हे व्हायलाच हवं होतं. पण गढीचा हप्ता तिथंच थांबला.

मग वाटण्या झाल्या. एकाला दोन खण, दुसऱ्याला देवडी, तिसऱ्याला बुरुजाकडची जागा. पोरं परभणी, संभाजीनगर, पुण्याला गेली. सगळ्यांच्या मालकीचं घर कुणीच शाकारत नाही. आधी सागवान विकलं गेलं. तुळई काढली की छत खाली येणारच. मग लोकांनी पांढरी माती आपापल्या घरावर टाकायला नेली. उरलेलं गुप्तधनाच्या नादानं खणून काढलं. पाऊस आला तो सगळ्यात शेवटी! त्यात १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि माती-दगडाच्या घरांची धास्तीच बसली. २०२४ मध्ये मार्च आणि जुलैत हिंगोलीलाही ४.५ तीव्रतेचे धक्के बसलेत.

हे आपल्याकडंच होतं का? नाही. भूमध्य समुद्रात इटलीचं सिसिली बेट आहे. तिथल्या बेलिचे खोऱ्यात जानेवारी १९६८ मध्ये भूकंप झाला, माणसं गाव सोडून गेली, घरं ओस पडली. २००८ मध्ये तिथल्या सालेमी गावानं एक युरोत घर द्यायची कल्पना मांडली. २०१९ मध्ये साम्बुका गावानं एक युरोपासून बोली लावून घरं विकली. अट अशी, तीन वर्षांत डागडुजी करायची. हे जमलं, कारण ती घरं कागदावर नगरपालिकेची होती. विकणारा एकच होता.

आपलं घोडं इथंच अडतं. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. २०२० मध्ये स्वामित्व योजना आली, ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका द्यायला सुरुवात झाली. गढीची हद्द आणि हिस्से स्पष्ट झाले, तर निदान कुणाशी बोलायचं ते तरी कळेल.

सगळ्या गढ्या वाचणार नाहीत, आणि वाचायलाच हव्यात असंही नाही. पण जाण्याआधी त्यांची नोंद व्हावी. म्हणून या दिवाळीत गावी गेलात की टेप न्या. भिंतीची जाडी मोजा, चारी बाजूंनी फोटो काढा. बुरुजावर चढू नका, कुठं खणू नका. आणि एखाद्या म्हाताऱ्या आजीला विचारा, गढीत कामाला कोण जायचं, आणि बदल्यात काय मिळायचं? ते रेकॉर्ड करून ठेवा. भिंतीच्या आधी ही आठवण जाईल.

भेटू पुढच्या भागात.