पीडीएफ फुकट, मग परवाना कशाचा?

आधी फोनमधलं डाउनलोड फोल्डर उघडा बरं. हॉल तिकीट, सातबारा, लाइट बिल, ग्रुपवर आलेल्या नोट्स... बहुतेक सगळं पीडीएफ. उघडायला पैसे नाहीत, बनवायलाही नाहीत. म्हणून आपल्याला वाटतं, यात परवाना वगैरे काही भानगड नसणार. पण भानगड आहे, आणि ती समजायला थोडं मागे जावं लागेल.

१९९१ साली अडोबी कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, जॉन वॉर्नॉक, यांनी एक टिपण लिहिलं. प्रकल्पाचं नाव होतं कॅमलॉट. कल्पना साधी होती: कागदपत्र कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा, ते सारखंच दिसलं पाहिजे आणि सारखंच छापलं गेलं पाहिजे. त्यातून १९९३ मध्ये पीडीएफ आणि अ‍ॅक्रोबॅट बाजारात आले.

आता गंमत ऐका. तेव्हा फाइल बनवणारं डिस्टिलर ६९५ डॉलरला होतं, आणि नुसती वाचायला लागणारा रीडरसुद्धा ५० डॉलरला! म्हणजे पत्र लिहिणाऱ्यानेही पैसे मोजायचे आणि वाचणाऱ्यानेही. मग कोण घेणार? १९९४ मध्ये कंपनीने रीडर फुकट केला. हिशोब सरळ होता: वाचणारे वाढले, की बनवणारे पैसे देतील.

पण इथे एक फरक लक्षात घ्या. रीडर फुकट झाला, मोकळा नाही झाला. वापरा, पण आतला कोड उघडायचा नाही, बदलायचा नाही, अशा अटी होत्याच. त्याच, ज्या न वाचता आपण 'मान्य आहे' दाबतो.

फाइलचा साचा मात्र वेगळ्या वाटेने गेला. पीडीएफ कशी बांधली जाते, याची माहिती अडोबीने पहिल्यापासून छापून दिली होती. २००८ मध्ये तर ती आयएसओचं जागतिक मानक झाली, क्रमांक ३२०००. आता कुणीही स्वतःचं पीडीएफ सॉफ्टवेअर लिहू शकतो, अडोबीला रॉयल्टी न देता.

'लिहू शकतो' म्हटलं हं मी. दुसऱ्याने लिहिलेलं उचलू शकतो, असं नाही. इथेच एक कंपनी अडकली.

घोस्टस्क्रिप्ट नावाचं सॉफ्टवेअर आहे, एल. पीटर डॉइच यांनी १९८८ मध्ये पहिल्यांदा आणलेलं. पडद्यामागे राहून ते पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ फाइली हाताळतं. पुढे ते आर्टिफेक्स कंपनीकडे आलं. त्याला दोन दारं आहेत. एक, जीपीएल घराण्यातला मुक्त परवाना: वापरा, बदला, वाटा, पण आमचा कोड घालून स्वतःचं सॉफ्टवेअर वाटलंत, तर त्याचाही सोर्स कोड खुला करा. ते नको असेल तर दुसरं दार: पैसे देऊन व्यावसायिक परवाना घ्या.

दक्षिण कोरियातल्या हॅन्कॉम कंपनीने आपल्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये घोस्टस्क्रिप्ट घातलं. कोडही खुला केला नाही आणि परवानाही विकत घेतला नाही, असा आरोप करत आर्टिफेक्सने २०१६ मध्ये अमेरिकेत खटला भरला. हॅन्कॉमचं एक म्हणणं असं, की आम्ही कुठल्या करारावर सहीच केलेली नाही, मग करारभंग कसला? २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने दावा फेटाळायला नकार दिला. अटी जाहीर होत्या आणि त्या माहीत असताना सॉफ्टवेअर वापरलं, तर त्यातून करार होऊ शकतो, हा मुद्दा पुढे चालू शकला. त्याच वर्षी दोघांनी आपसात मिटवलं.

म्हणजे सही नसली तरी अट लागू पडू शकते. हे फक्त कंपन्यांपुरतं नाही. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असलेल्या फुकट अ‍ॅपवर तुम्ही क्लाससाठी पैसे घेऊन सर्टिफिकेटं बनवली, तर साचा मोकळा आहे हे उत्तर पुरत नाही. उलट लिब्रेऑफिससारखं मुक्त सॉफ्टवेअर धंद्यासाठीही बिनधास्त वापरता येतं.

म्हणून पुढच्या वेळी 'मान्य आहे' दाबण्याआधी तीन गोष्टी शोधा: धंद्यासाठी चालेल का? दुसऱ्याला वाटता येईल का? आपल्या अ‍ॅपमध्ये घातलं तर बदल्यात काय द्यावं लागेल? अटींचं पान लांबलचक असतं, पण ही तीन उत्तरं बहुतेक वेळा पाच मिनिटांत सापडतात.