सिंबा पडद्यावर आलाच नाही : सुरू न होणाऱ्या खेळांचा इतिहास

१९९४ च्या नाताळात अमेरिकेतील असंख्य घरांत 'द लायन किंग' या चित्रपटावर आधारलेली डिस्नेची सीडी भेट म्हणून आली. चित्रपट त्याच वर्षी जूनमध्ये प्रदर्शित झाला होता आणि सिंबा मुलांचा लाडका झाला होता. सीडी संगणकात सरकवली गेली. कित्येक घरांत पुढे काहीच घडले नाही. कुठे चित्र येईना, कुठे आवाज येईना, तर कुठे संगणकच कोलमडला. डिस्नेच्या मदतीच्या दूरध्वनीवर पालकांची इतकी गर्दी झाली की तो लागणे कठीण झाले, आणि प्रकरण वृत्तपत्रांत पोहोचले.

खेळ सुरू न होणे ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती. नवीन होते ते तक्रार करणारे लोक.

आयबीएमने १९८१ मध्ये आणलेल्या पीसीतील ८०८८ हा प्रोसेसर केवळ १ मेगाबाइट मेमरी हाताळू शकत असे. त्यातील ६४० किलोबाइट प्रोग्रामसाठी आणि उरलेला भाग पडदा व अन्य यंत्रणेसाठी, अशी वाटणी ठरली. पुढे प्रोसेसर बदलले, मेमरी वाढली. डॉसमधील ती वाटणी मात्र एखाद्या वाड्याच्या जुन्या वाटणीपत्रासारखी चालूच राहिली. म्हणून ४ मेगाबाइट मेमरी असलेल्या यंत्रावरही 'मेमरी अपुरी आहे' असा संदेश झळके, आणि तो खराही असे. माउस, सीडी ड्राइव्ह यांचे ड्रायव्हर त्याच ६४० किलोबाइटांत बिऱ्हाड थाटत. उरलेल्या जागेत खेळ मावत नसे.

उपाय खेळणाऱ्यानेच शोधायचा असे. 'कॉन्फिग.सिस' आणि 'ऑटोएक्झेक.बॅट' या दोन फायली उघडायच्या, एकेक ओळ काढून पाहायची, संगणक पुन्हा सुरू करायचा. १९९२ च्या 'अल्टिमा ७' ची तऱ्हा तर याहून निराळी. त्याची मेमरी हाताळण्याची पद्धत स्वतःची होती आणि इतर खेळांना हवा असलेला 'ईएमएम३८६' हा प्रोग्राम त्याला खपत नसे. अशा खेळासाठी वेगळी बूट डिस्क करून ठेवणे हाच राजमार्ग होता. त्यानंतर आवाजाची पाळी. साउंड ब्लास्टर कार्डाचा पत्ता २२०, इंटरप्ट ५ किंवा ७, डीएमए १, हे आकडे खेळणाऱ्यांना पाढ्यांसारखे पाठ असत. इंटरप्ट ७ हा प्रिंटरच्या पोर्टचाही असल्याने कधीकधी त्यांचे आपसांत जुळत नसे. हा सारा खटाटोप करणारा वर्ग हौशी होता. खेळ चालू करणे हाही त्याला खेळच वाटे.

१९९४ च्या सुमारास संगणक या हौशी मंडळींच्या खोलीतून दिवाणखान्यात आला. नव्या घरमालकाला विंडोज ठाऊक होते, इंटरप्ट नव्हे. खेळ रचणारे मात्र विंडोजपासून दूरच राहत, कारण विंडोज ३.१ मध्ये पडद्यावर वेगाने चित्रे हलवणे दुरापास्त होते. त्यांना ओढून आणण्यासाठी मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी 'विनजी' ही सुविधा दिली. डिस्नेची सीडी तिच्यावरच उभी होती.

विनजी पडद्याच्या ड्रायव्हरकडून जे काम मागत असे, ते सर्व ड्रायव्हरांना पेलणारे नव्हते. काही कॉम्पॅक संगणकांमध्ये हा ड्रायव्हर ऐनवेळी बदलला गेला आणि विनजीबरोबर त्याची चाचणीच झाली नाही, असे तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्ये असलेल्या अॅलेक्स सेंट जॉन यांनी पुढे सांगितले. दोष नेमका कोणाचा, यावर वाद घालता येईल. नाताळच्या सकाळी हिरमुसलेल्या मुलासमोर उभ्या असलेल्या पालकाला मात्र त्या वादाचा काडीचा उपयोग नव्हता.

सेंट जॉन, क्रेग आयस्लर आणि एरिक एंगस्ट्रॉम या तिघांनी पुढे ज्या कामाला जोर लावला, ते म्हणजे डायरेक्टएक्स. विंडोज ९५ ऑगस्ट १९९५ मध्ये आले आणि पुढच्याच महिन्यात डायरेक्टएक्सची पहिली आवृत्ती. खेळाने प्रत्येक कार्डाची जन्मकुंडली जाणण्याची गरज उरली नाही. कार्डाला काय जमते हे डायरेक्टएक्सला विचारायचे. कार्डाला जमत नसलेल्या काही गोष्टी ते स्वतःच प्रोसेसरकडून करवून घेई. जबाबदारी खेळणाऱ्याच्या खांद्यावरून प्रणालीकडे सरकली, ती अशी. अर्थात डायरेक्टएक्सच्याही आवृत्त्या वाढत गेल्या, आणि 'अमुक डीएलएल फाइल सापडत नाही' हा संदेश पुढच्या पिढीच्या वाट्याला आला.

मेमरी, आवाज आणि पडदा यांचे तंटे मिटत आले असताना खेळ अडवणारे चौथे कारण उभे राहिले, आणि ते हेतुपुरस्सर बसवलेले होते. चोरट्या प्रती रोखण्यासाठी अनेक प्रकाशकांनी सीडीवर 'सेफडिस्क' हे कुलूप घातले. त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात काम करी आणि २००७ मध्ये त्यात सुरक्षेची गंभीर त्रुटी उघड झाली. २०१५ मध्ये विंडोज १० आले ते या ड्रायव्हरला वगळूनच. त्याच सप्टेंबरात एका सुरक्षा सुधारणेने जुन्या विंडोजमध्येही तो बंद पडला. परिणामी, पैसे मोजून मूळ सीडी घेतलेल्यांचे कित्येक खेळ एका रात्रीत मुके झाले. कुलूप तोडलेल्या चोरट्या प्रतींना मात्र काहीच झाले नाही.

२००८ मध्ये पोलंडमध्ये सुरू झालेल्या 'गॉग' या दुकानाने जुने खेळ कुलपाविना विकायला घेतले. डॉसच्या खेळांसोबत तेथे 'डॉसबॉक्स' हा जुन्या पीसीचे सोंग हुबेहूब वठवणारा प्रोग्राम आधीच बसवून मिळतो. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये साउंड ब्लास्टरचे मूळ आकडे आजही तेच आहेत : २२०, ७ आणि १.