ऐकणाऱ्याचा हुंकार

भिलईलगत मरोदा नावाची वस्ती आहे. तेथील तलावाचे पाणी पोलादाच्या कारखान्यास जाते आणि तेथील स्थानकावरून आगगाडी दल्ली-राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणींकडे वळते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून हा मुलूख यंत्रांच्या आवाजाने ओळखला जाऊ लागला. परंतु त्याहून कितीतरी जुना असा एक आवाज या मातीत आहे. तो आहे पंडवानीचा.

पंडवानी म्हणजे पांडवांची कथा. हाती तंबुरा घेतलेला गायक भारतातील एखादा प्रसंग गातो, बोलतो आणि अभिनयाने उभा करतो. त्याच्या जोडीला ‘रागी’ असतो. तो मधूनमधून हुंकार भरतो, प्रश्न विचारतो, गायकाचे शब्द उचलून धरतो. आपल्याकडे पोवाड्यात झीलकरी असतो, त्याचाच हा छत्तीसगढी भाऊबंद. रागी हा खरे पाहता श्रोत्यांचा प्रतिनिधी होय. त्याचा हुंकार थांबला तर कथाही थांबेल. ऐकणे हीसुद्धा एक कृती आहे, हे तत्त्व त्या खेड्यातल्या मंडपाने फार पूर्वीच ओळखले होते.

तथापि या मंडपात स्त्रीने कसे गावे, याचे नियम ठरलेले होते. तिने बसून गावे. उभे राहून, हातवारे करीत गाण्याची कापालिक शैली पुरुषांची. भिलईनजीकच्या गनियारी गावी १९५६ साली जन्मलेल्या, पारधी समाजातील तीजनबाईंनी हा नियम मोडला. वयाच्या तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात दहा रुपयांच्या बिदागीवर त्या प्रथम लोकांपुढे उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होई, क्षणात अर्जुनाचे धनुष्य. या गाण्यापायी समाजाने त्यांना वाळीत टाकले. पुढे त्याच भिलईच्या पोलाद कारखान्याने त्यांना सेवेत घेतले, आणि २०१९ साली राष्ट्राने त्यांना पद्मविभूषण दिले. स्त्रीचा आवाज ऐकू येणे ही गोष्ट किती महाग पडते, याची साक्ष या एका आयुष्यात आहे.

आता मंडपातून कलादालनाकडे वळू. तेथील रीत याच्या अगदी उलट. चित्रास हात लावू नये, मोठ्याने बोलू नये, दुरून पाहावे आणि पुढे सरकावे, अशी ती रीत. शांतता हा तेथील शिष्टाचारच होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही शांतता मोडणाऱ्या कलावंतांत स्त्रिया पुष्कळ होत्या. अमेरिकेतील लॉरी अँडरसन यांनी १९७८ साली एक साधे दिसणारे मेज मांडले. त्यावर कोपरे टेकून कान तळहातांनी झाकले, की हातांच्या हाडांतून स्वर कानाशी पोचत. कोणी बसलेच नाही, तर ते मेज मुकेच राहील. येथे प्रेक्षक स्वतःच रागी झाला.

आपल्याकडे मुंबईत १९९८-९९ च्या सुमारास नलिनी मालानी यांनी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, सआदत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेकसिंग’ या फाळणीच्या कथेवर आधारलेले मांडणशिल्प उभारले. १९९८ च्या मे महिन्यातील अणुचाचण्या त्याचे निमित्त होत्या. निर्वासितांच्या सामानाची आठवण देणाऱ्या पत्र्याच्या बारा ट्रंकांतून चित्रफिती चालत, आणि भिंतींवरील हलत्या चित्रांच्या मधोमध पाहणाऱ्याला उभे राहावे लागे. बाहेरून बघण्याची सोय त्याला उरत नसे.

याच वाटेने शिल्पा गुप्ता पुढे गेल्या. १९७६ साली मुंबईत जन्मलेल्या शिल्पाताईंनी सर ज. जी. कला महाविद्यालयात शिल्पकलेचे शिक्षण घेतले. त्यांच्या २००९-१० सालच्या ‘बोलक्या भिंती’त प्रेक्षक विटांच्या एका अरुंद ओळीवर उभा राहतो आणि कानाला लावलेल्या यंत्रातून येणारा आवाज त्याला पुढे-मागे पाऊल टाकायला सांगत, सरहद्दींविषयी बोलत राहतो. त्याआधीच्या एका कृतीत सुमारे चार हजार मायक्रोफोनांचा काळा मेघ छतापासून लोंबतो. मायक्रोफोन हे मनुष्याचा आवाज टिपणारे यंत्र. येथे त्याची रचनाच उलटविली आहे, आणि आता तेच बोलते.

२०१७-१८ साली त्यांनी याच युक्तीतून आपली सर्वांत गंभीर कृती घडविली. लेखनापायी अथवा मतांपायी तुरुंगात गेलेल्या शंभर कवींच्या ओळी तिच्यात आहेत. हे कवी मध्ययुगापासून आजपर्यंतचे. शंभर लोखंडी सळ्यांवर एकेक कागद खोचलेला, आणि वर शंभर मायक्रोफोन टांगलेले. कृतीचे नाव चौदाव्या शतकातील कवी नसीमी यांच्या काव्यावरून घेतले आहे. अंधुक दालनात एक मायक्रोफोन प्रथम बोलतो, आणि मग उरलेले नव्याण्णव त्याचे शब्द उचलून धरतात. कोची येथील २०१८ च्या द्वैवार्षिक प्रदर्शनात आणि २०१९ साली व्हेनिसमध्ये प्रेक्षक या सळ्यांमधून वाट काढीत, कधी या आवाजाकडे, कधी त्या आवाजाकडे जात.

एकाने बोलावे आणि अनेकांनी झील धरावी, हीच तर पंडवानीची रचना. भेद आहे तो मात्र मोठा आहे. मंडपात रागी समोर बसलेला असतो आणि गाणारी बाई त्याच्याकडे पाहून गाते. कलादालनात कवी नाहीत. कित्येक जण तर तुरुंगातून परत आलेच नाहीत. त्यांचा हुंकार यंत्रांनी द्यावा लागतो. शिवाय दालनाचे दार ओलांडणारे लोक थोडे, आणि गावच्या मंडपाला तर दारच नसते. म्हणून या नव्या कलेने जुन्या कलेची जागा घेतली, असे म्हणणे योग्य होणार नाही.

परंतु दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच आहे. आवाज दडपणारा नेहमी राजा किंवा पंच असतो असे नाही. पुष्कळदा तो केवळ न ऐकणाऱ्यांचा समुदाय असतो. तीजनबाईंना वाळीत टाकले गेले तेव्हा त्यांच्यामागे हुंकार भरणारा कोणीतरी होता, म्हणून ते गाणे टिकले. जो ऐकतो, त्याच्यावरही गाण्याची अर्धी जबाबदारी असते.