ब्रिटनमधील कोळसा-वाघिणी : प्रतिकृतींचा इतिहाससाधन म्हणून विचार

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हणून कागदपत्रे, नाणी, शिलालेख आणि वास्तू यांची चर्चा आपल्या विद्यापीठीय अभ्यासात पुष्कळ झाली आहे. यंत्रयुगातील वस्तूंच्या लहान प्रतिकृतींना मात्र त्यात सहसा स्थान मिळत नाही. त्यांची गणना छंदात होते. ब्रिटनमध्ये रेल्वेच्या प्रतिकृती घडविणाऱ्या हौशी अभ्यासकांनी कोळसा वाहणाऱ्या मालडब्यांविषयी जी माहिती जमविली आहे, ती पाहता ही उपेक्षा योग्य वाटत नाही. ('वॅगन' या शब्दाला मराठीने 'वाघीण' असे मोठे झोकदार रूप दिले आहे, या लेखात तेच वापरले आहे.) प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या प्रतिकृती रंगाच्या बाबतीत अभ्यासकाची दिशाभूल करू शकतात, परंतु माप आणि हालचाल या दोन बाबतींत त्या आर्थिक इतिहासातील एका जुन्या वादावर उपयुक्त प्रकाश टाकतात.

खासगी मालकीची वाघीण

१९१३ साली ब्रिटनमध्ये सुमारे २८ कोटी ७० लाख टन दगडी कोळसा निघाला. त्याचा फार मोठा भाग रेल्वेने हलविला. परंतु ज्या वाघिणींतून तो गेला, त्यांपैकी लाखो वाघिणी रेल्वे कंपन्यांच्या नव्हत्याच. खाणमालक, ठोक व्यापारी, गॅस कंपन्या आणि गावोगावचे वखारवाले यांच्या त्या स्वतःच्या असत. रेल्वेने रूळ आणि इंजिन पुरवायचे, वाघीण मालधन्याने आणायची. प्रवाशाने आपला डबा घेऊन स्थानकावर यावे, असाच हा प्रकार म्हणावा लागेल.

या व्यवस्थेमागे वेडेपणा नव्हता. रेल्वेची वाघीण ठरलेल्या मुदतीपलीकडे अडवून ठेवली की विलंब-आकार भरावा लागे. स्वतःच्या वाघिणीला तो लागू नसे, जागा अडविल्याचे भाडे तेवढे द्यावे लागे. साहजिकच वखारवाल्याची वाघीण ही त्याची फिरती वखार बनली. गिऱ्हाईक येईल तसा त्याने मालधक्क्यावर उभ्या असलेल्या वाघिणीतून कोळसा पोत्यांत भरून न्यावा आणि उरलेला तेथेच राहू द्यावा. खाणमालकाचे कारण वेगळे होते. चाळणघराखाली रिकाम्या वाघिणी उभ्या नसतील तर वर आलेला कोळसा टाकायचा कोठे, हा त्याचा रोजचा प्रश्न असे आणि आयत्या वेळी वाघिणी न मिळाल्यास खाणीचे काम थांबे. भांडवल नसलेल्यांची सोय वाघिणी बांधणाऱ्या कंपन्यांनी केली होती. १८६० मध्ये स्थापन झालेल्या ग्लॉस्टर येथील कंपनीसारखे कारखाने वाघिणी हप्त्यांनी विकत किंवा भाड्याने देत. वाघिणीच्या बाजूवर मालकाचे नाव मोठ्या अक्षरांत रंगविलेले असल्याने जाहिरातही आपोआप होई.

एकाच गाडीत अशा अनेक मालकांच्या वाघिणी जोडल्या जात, म्हणून त्यांच्या बांधणीत एकसारखेपणा आवश्यक होता. विविध रेल्वे कंपन्यांमधील हिशेब मिटविण्यासाठी १८४२ मध्ये स्थापन झालेल्या रेल्वे क्लिअरिंग हाऊसने ही जबाबदारी घेतली. खासगी वाघिणींसाठी १८८७ मध्ये, पुढे १९०७ मध्ये आणि शेवटी १९२३ मध्ये तिने बांधणीचे नियम ठरविले. १९२३ च्या नियमांनुसार बनलेली १२ टनी लाकडी वाघीण १६ फूट ६ इंच लांब होती आणि तिच्या दोन आसांतील अंतर ९ फूट होते. काही वाघिणींच्या बाजूवर एक पांढरा तिरपा पट्टा दिसतो. तो शोभेचा नव्हे. ज्या टोकाला वरून लटकणारे दार आहे, त्या टोकाकडे तो चढत जातो. कार्डिफ किंवा बॅरी या बंदरांत अख्खी वाघीण उचलून, तिरपी करून त्या दारातून कोळसा जहाजात ओतला जाई. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या धक्क्यावर आगबोटी, गिरण्या आणि रेल्वे यांसाठी जो वेल्सचा कोळसा उतरत होता, त्याचा समुद्रापूर्वीचा प्रवास अशाच वाघिणींतून झालेला असे.

रंगाचा पुरावा

ब्रिटनमध्ये सर्वाधिक प्रचलित असलेल्या प्रतिकृतींचे माप एका फुटाला ४ मिलिमीटर असे आहे. या मापात वरील वाघीण ६६ मिलिमीटर लांब होते. गंमत अशी की, याच मापाच्या बाजारी प्रतिकृती १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावतात आणि त्या हिशेबाने प्रत्यक्षातील रूळ ४ फूट दीड इंच रुंद ठरतात. खरी रुंदी ४ फूट साडेआठ इंच आहे. हा सात इंचांचा फरक सहन न होणाऱ्यांनी १८.८३ मिलिमीटरची वेगळी मांडणी स्वीकारली. ही चिकाटी इतिहासाच्या अभ्यासकाला परकी वाटू नये. पाठभेदांवर आयुष्य घालविणारे संशोधक आपल्याकडेही झाले आहेत.

तरीही दुकानातील वाघिणींवरून भूतकाळाचे चित्र बनविणे धोक्याचे आहे. एखाद्या वखारवाल्याची एकुलती एक वाघीण लाल-पिवळ्या रंगात असेल तर ती प्रतिकृती म्हणून हमखास निघते आणि विकली जाते. ज्यांच्याकडे हजारो वाघिणी होत्या, त्या मोठ्या खाणकंपन्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या वाघिणी, तसेच रेल्वे कंपन्यांच्या करड्या वाघिणी यांची त्या मानाने कमतरता दिसते. खरा मालधक्का प्रतिकृतींच्या मालधक्क्याएवढा रंगीत नव्हता. शिवाय रंग ठरविण्याचे मुख्य साधन म्हणजे कारखान्यांनी नव्या वाघिणींची काढलेली कृष्णधवल छायाचित्रे. त्या काळच्या काचपट्ट्यांवर तांबडा रंग जवळजवळ काळा आणि निळा रंग फिका उमटे. त्यामुळे केवळ छायाचित्रावरून रंग सांगणे अवघड होते. ग्लॉस्टरच्या छायाचित्रांत वाघिणीपुढे तपशिलाचा फलक ठेवण्याची पद्धत होती, म्हणून त्या संग्रहाचे मोल अधिक.

नवी वाघीण ही वाघिणीच्या आयुष्यातील अत्यंत अल्पकाळ टिकणारी अवस्था होय, हेही विसरता येत नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने खासगी वाघिणी ताब्यात घेऊन सर्वांच्या सामाईक केल्या. त्यानंतर त्यांवर मालकाचे नाव पुन्हा रंगविण्याचे कोणालाच कारण उरले नाही. कुजलेली फळी बदलली जाई आणि नवी फळी बिनरंगाचीच ठेवली जाई. अक्षरे मधूनच तुटत. १ जानेवारी १९४८ रोजी रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणाबरोबर पाच लाखांहून अधिक खासगी वाघिणी शासनाच्या मालकीच्या झाल्या व त्यांच्या क्रमांकामागे 'पी' हे अक्षर लागले. जाणकार प्रतिकृतीकार अशी तुटक्या अक्षरांची, उघड्या लाकडाची वाघीण मुद्दाम घडवितात. कारखान्याच्या छायाचित्रापेक्षा ती मला अधिक विश्वसनीय वाटते.

हालचालीचा पुरावा

प्रतिकृतींची मांडणी चालविणाऱ्याला एक अडचण लवकरच जाणवते. भरलेली गाडी खाणीकडून वखारीकडे गेली की ती रिकामी परत आली पाहिजे. म्हणून वाघिणीतील कोळशाचा थर काढता-घालता येईल असा करावा लागतो. दुसरी अडचण याहून महत्त्वाची. वाघिणी सामाईक मालकीच्या मानल्या तर वीस रिकाम्या वाघिणी कोणत्याही खाणीकडे पाठविता येतात. त्या वीस मालकांच्या मानल्या तर प्रत्येक वाघीण तिच्या घरी पोहोचविण्यासाठी इंजिनाला पुन्हा पुन्हा पुढे-मागे जावे लागते. वाटेत दुसऱ्याचा माल तिच्यात भरण्याची सोय नसते. टेबलावरील मांडणीत हा फरक काही मिनिटांचा असतो. प्रत्यक्षात तो इंजिनांचा कोळसा, कामगारांचे तास आणि लांबच लांब यार्डे यांत मोजावा लागत होता. छापील अहवालात 'शंटिंगचा खर्च' या दोन शब्दांत आटोपणारी गोष्ट येथे डोळ्यांना दिसते.

एका जुन्या वादासंबंधी

या लहान वाघिणींनी अर्थशास्त्रज्ञांना बराच काळ व्यापून टाकले आहे. थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १९१५ मध्ये, औद्योगिकीकरणात आघाडी घेतलेल्या देशाला मोजाव्या लागणाऱ्या किमतीचे उदाहरण म्हणून त्यांचा उल्लेख केला. चार्ल्स किंडलबर्गर यांनी १९६० च्या दशकात मालकीच्या विभागणीकडे बोट दाखविले : मोठ्या वाघिणीचा खर्च एकाने करावा आणि लाभ दुसऱ्याला मिळावा, अशा स्थितीत कोणीच पुढे येत नाही. १९९७ मध्ये व्हॅन व्ह्लेक यांनी उलट बाजू मांडली. गावोगावच्या किरकोळ विक्रीला लहान वाघीणच सोयीची होती आणि रस्त्याने माल नेण्याच्या महागड्या खर्चात तिने बचत केली, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पीटर स्कॉट यांनी २००१ मध्ये पुन्हा विखुरलेल्या मालकीचा आणि जुन्या व्यवस्थेत अडकून पडण्याचा मुद्दा पुढे आणला.

मालकी हेच मुख्य कारण असते तर ते दूर झाल्यावर वाघीण मोठी व्हायला हवी होती. खाणींचे राष्ट्रीयीकरण १९४७ मध्ये झाले, रेल्वेचे १९४८ मध्ये. त्यानंतर ब्रिटिश रेल्वेने जी पोलादी वाघीण मोठ्या संख्येने बांधली, ती केवळ १६ टनी होती. १९२३ ची लाकडी आणि ही पोलादी अशा दोन्ही वाघिणींचे सांगाडे ४ मिलिमीटरच्या मापात शेजारी ठेवले तर दोहोंची लांबी ६६ मिलिमीटर आणि आसांतील अंतर ३६ मिलिमीटर भरते. मालक बदलला, साहित्य बदलले, पायाचा ठसा तोच राहिला. याचे कारण चाळणघराची उंची, खाणीतील रुळांची तीव्र वळणे, बंदरातील उचलयंत्रे आणि वखारीचे मालधक्के हे सारे त्याच ठशावर बेतलेले होते. ईशान्य इंग्लंडचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथे कोळसा उंचावरील रुळांवरून वाघिणीच्या तळातून खालच्या कप्प्यांत सोडण्याची सोय पूर्वीपासून होती आणि २० टनी वाघिणीही तेथे विसाव्या शतकाच्या आरंभीच आल्या. मात्र त्या भागात बहुतेक वाघिणी नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्याच मालकीच्या होत्या. त्यामुळे मालकी आणि जमिनीची मांडणी यांची फारकत तेथेही पूर्णपणे करता येत नाही, हे मान्य करावे लागते. व्हॅन व्ह्लेक यांचा मुद्दा वखारीपुरता पटतो. बंदराला आणि मोठ्या कारखान्याला पुरवठा करणाऱ्या वाघिणींना तो लावता येत नाही.

खरा बदल १९६० च्या दशकाच्या मध्यास झाला. खाणीवरील भरणीची जागा आणि वेस्ट बर्टनसारख्या नव्या वीजकेंद्रातील उतरणीची जागा अशी दोन्ही टोके नव्याने आखली गेली, तेव्हाच सुमारे ३२ टन कोळसा घेणारी, तळाला दारे असलेली वाघीण अस्तित्वात आली. अशा वाघिणींची अखंड गाडी न थांबता, संथ चालीने रिकामी होत असे. ब्रिटनमधील कोळशावरील अखेरचे वीजकेंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. या वाघिणीची प्रतिकृती आज सहज मिळते. परंतु जुन्या वखारीच्या मांडणीवर ती ठेवली तर तिचे करायचे काय हे कळत नाही, कारण तिचा कोळसा खाली पडायचा आहे आणि मालधक्क्याच्या रुळांखाली सपाट जमीन आहे.