मुंबईंत वाफेचें आगमन

मुंबईच्या यंत्रयुगाचा आरंभ १६ एप्रिल १८५३ या दिवसापासून मोजण्याची रूढि पडली आहे. त्या दिवशीं दुपारीं बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी निघाली. १४ डबे, सुमारें ४०० निमंत्रित आणि २१ मैलांचा मार्ग ही हकीकत शाळेंतील मुलांसहि पाठ असते. तो प्रसंग मोठा होता याविषयीं वाद नाहीं. परंतु वाफ या शहरांत त्या दिवशीं अवतरली, आणि तीहि परक्यांनीं आयती आणून दिली, असा जो अर्थ त्यांतून काढला जातो तो वस्तुस्थितीशीं जुळत नाहीं. मुंबईंत वाफ आली ती समुद्राच्या वाटेनें, आगगाडीच्या आधीं निदान तेवीस वर्षें. आणि तिला कोंडून राबविण्याची विद्या येथील माणसानें आगगाडीपूर्वींच हस्तगत केली होती. हेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम भाषेचा पुरावा पाहूं. इंग्रजांनीं या जहाजास वाफेवरून नांव दिलें. आपल्या लोकांनीं त्यास आगबोट म्हटलें. पुढें लोखंडी रुळांवरून गाडी आली तेव्हां तिलाहि त्याच धर्तीचें आगगाडी हें नांव मिळालें. हें नामकरण अडाणीपणाचें आहे असें कोणी समजूं नये. सादी कार्नो या फ्रेंच यंत्रशास्त्रज्ञानें १८२४ सालीं जें तत्त्व प्रसिद्ध केलें त्याचा मथितार्थ हाच कीं, यंत्राचें काम मूलतः उष्णतेमुळें होतें. उष्णता तप्त स्थानाकडून शीत स्थानाकडे जातांना तिच्यापासून काम करून घेतां येतें. वाफ ही केवळ मध्यस्थ होय. आगबोट हा शब्द धन्याचें नांव घेतो, मध्यस्थाचें नाहीं.

ही मध्यस्थी कशी चालते हें थोडक्यांत सांगितल्यावांचून पुढील इतिहास नीट उमगणार नाहीं. उघड्या भांड्यांत पाणी १०० अंशांवर उकळतें आणि त्याची वाफ मूळच्या पाण्याच्या सुमारें १६०० ते १७०० पट जागा व्यापते. ती जागा तिला न देतां बंद पात्रांत कोंडली तर दाब वाढतो. दाब वाढला कीं उकळण्याचा अंशहि वर चढतो. वातावरणाच्या दसपट दाबास पाणी सुमारें १८० अंशांवर उकळतें. अशी वाफ नळकांड्यांत सोडली म्हणजे ती दट्ट्या पुढें ढकलते. अर्ध्या वाटेवर झडप मिटली तरी आंतील वाफ पसरत राहते, तिचा दाब उतरत जातो आणि तेवढ्या अवधींत ती फुकटचें काम करिते. शेवटीं तिला थंड पाण्याच्या साह्यानें पुन्हां पाणी करून टाकिलें कीं दट्ट्याच्या त्या बाजूस जवळजवळ पोकळी उत्पन्न होते. वाफ थंड करण्याचें पात्र निराळें असावें ही जेम्स वॉटची युक्ति. तिचें पेटंट १७६९ चें आहे. एका टोकास आग आणि दुसऱ्या टोकास थंड पाणी, या दोहोंवर सारें यंत्र उभें असतें.

आतां इतिहासाकडे वळूं. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें १७३६ पासून जहाजें बांधिलीं. त्याच गोदींत १८२९ सालीं ह्यू लिंडसे ही ४११ टनांची आगबोट तयार झाली. तिचीं दोन यंत्रें प्रत्येकीं ८० अश्वशक्तीचीं असून तीं विलायतेहून आणलेलीं होतीं. सांगाडा मात्र मुंबईचा. २० मार्च १८३० रोजीं ती मुंबईहून निघाली आणि एडनवरून २२ एप्रिल रोजीं सुएझला पोंचली. सुमारें साडेपांच दिवसांच्या कोळशाचें माप धरून बांधलेल्या या बोटीस एडनपर्यंत त्याच्या दुप्पट कोळसा वाहावा लागला. म्हणजे मुंबईच्या वाफेची पहिली अडचण वाफेची नव्हती. ती आगीच्या खाद्याची होती.

त्या काळच्या आगबोटींत आणखी एक संकट असे. बाष्पपात्रांत समुद्राचेंच पाणी भरीत. पाणी वाफ होऊन जाई आणि मीठ मागें राही. पत्र्यावर मिठाचा थर बसला म्हणजे आगीची उष्णता पाण्यापर्यंत पोंचत नाहीं, आणि पत्रा तापून मऊ पडतो. म्हणून ठराविक वेळानें खारट पाणी सोडून देऊन नवें घ्यावें लागे, आणि दाबहि बेताचाच ठेवावा लागे. हें ज्ञान पुस्तकापेक्षां हातानेंच अधिक मिळण्यासारखें होतें.

असें ज्ञान संपादन करणाऱ्यांत अर्देसर कर्सेटजी वाडिया यांचें नांव अग्रभागीं येतें. १८०८ सालीं जन्मलेले हे गृहस्थ चवदाव्या वर्षीं गोदींत उमेदवार म्हणून लागले. १८३३ सालीं त्यांनीं इंडस नांवाचें ६० टनांचें लहान जहाज बांधून त्यावर बाष्पयंत्र बसविलें. १८३४ सालीं माझगांव येथील आपलें घर व बाग त्यांनीं वायूच्या दिव्यांनीं उजळली. दगडी कोळसा बंद पात्रांत, हवा लागूं न देतां, तापविला म्हणजे ज्वालाग्राही वायु निघतो. तो सांठवून नळ्यांतून खेळवावयाचा. येथेंहि उष्णता, दाब आणि कोंडलेला वायु यांचाच हिशोब. एकाच मनुष्यानें वाफ व वायु या दोहोंस दोन वर्षांच्या आंत घरगुती करून दाखविलें, ही गोष्ट आगगाडीच्या १९ वर्षें आधींची आहे.

१८३९ सालीं अर्देसर विलायतेस गेले. २७ मे १८४१ रोजीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद निवडलें. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. त्याच वर्षीं मुंबईच्या सरकारी बाष्पकारखान्यावर मुख्य यंत्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि युरोपीय कारागीर त्यांच्या हाताखालीं आले. तेव्हां बाँबे टाइम्सनें अशी शंका प्रकट केली कीं, एतद्देशीय मनुष्य कितीहि हुशार असला तरी इंग्रज कारागिरांवर हुकमत चालवूं शकेल काय. या शंकेचें उत्तर त्यांनीं कामानें दिलें. १८५७ सालीं निवृत्त होईपर्यंत त्यांनीं तो कारखाना चालविला. एवढा पुरावा समोर असतां १८५३ च्या आगगाडीस वाफेची आद्य गुरु म्हणणें योग्य होणार नाहीं. गिरगांवचे जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे पुढारी रेल्वेच्या खटाटोपांत आरंभापासून सामील झाले, तेव्हां बंदरांत आगबोटी नित्य येत जात होत्या.

वाफ जमिनीवर आली ती आगगाडीबरोबर आणि तिच्या पाठोपाठ गिरणीबरोबर. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं स्थापिलेली ताडदेवची गिरणी १८५६ सालीं चालूं झाली. गिरण्यांचे आरंभींचे मोठे यंत्रज्ञ बहुधा लँकशायरकडील असत, हें आक्षेपकाचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. परंतु लँकशायरचें यंत्र परळ-लालबागेंत आलें तरी लँकशायरची हवा त्याबरोबर आली नाहीं. वाफेस थंड करणारें पाणी १० अंशांचें असेल तर त्या अंशावर पाण्याच्या बाष्पाचा दाब पाऱ्याच्या ९ मिलिमीटरांइतका असतो. पाणी ३० अंशांचें असेल तर तोच ३२ मिलिमीटर होतो. म्हणजे मुंबईंत पोकळी तितकी चांगली साधत नाहीं. १८० अंशांची वाफ २० अंशांवर थंड करतां आली तर उष्णतेपैकीं शेंकडा ३५ पर्यंत भाग कामीं येणें तत्त्वतः शक्य असतें. ४० अंशांवर थंड केली तर ती मर्यादा ३१ वर उतरते. प्रत्यक्षांतील यंत्रें या मर्यादेच्या पुष्कळच खालीं राहात. गिरण्यांच्या आवारांतील तलाव शोभेसाठीं खोदलेले नव्हते. ते यंत्राचें शीत टोंक होते. उंच धुरांडीं हीं त्याच हिशोबाची दुसरी बाजू. तापलेला धूर पसरून हलका होतो व वर चढतो, आणि त्याच्या ओढीनें भट्टींत ताजी हवा शिरते. धुरांडें जितकें उंच तितकी ओढ अधिक.

या तलावाच्या आणि धुरांड्याच्या मध्यें उभा असे तो आगवाला. त्याच्या पुढ्यांतील बाष्पपात्रांत १०० अंशांहून पुष्कळ अधिक तापलेलें पाणी केवळ दाबामुळें पाणी राहिलेलें असतें. पत्रा फुटला कीं दाब नाहींसा होतो आणि त्या पाण्याचा मोठा भाग क्षणांत वाफ होतो. स्फोटाचें बळ त्यांतून येतें. म्हणून दाब मर्यादेबाहेर जातांच उघडणारी झडप आणि पाणी कमी होतांच वितळून आगीवर वाफ सोडणारी शिशाची डाट यांची योजना असे. कलकत्त्यास १८६३ सालीं झालेल्या प्राणघातक स्फोटानंतर बंगालमध्यें १८६४ सालीं बाष्पपात्रांच्या तपासणीचा कायदा झाला. प्रांतोप्रांतींचे निरनिराळे नियम जाऊन १९२३ सालीं सर्व देशास एक कायदा मिळाला. तो १०० वर्षांहून अधिक काळ चालून २०२५ च्या नव्या कायद्यानें त्याची जागा घेतली. वाफेवर राज्य करण्याची किंमत कोणत्या माणसांनीं दिली याची आठवण या कायद्यांच्या कलमांतून उरली आहे.

पुढें आग शहराबाहेर गेली. १९१५ सालीं खोपोलीच्या जलविद्युत्-केंद्रांतून गिरण्यांस वीज मिळूं लागली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धांवली. जानेवारी १९८२ च्या संपानंतर पुष्कळ गिरण्या कायमच्या थंडावल्या आणि त्यांच्या जागीं उंच इमारती उठल्या. कांहीं धुरांडीं अद्यापि उभीं आहेत. त्यांच्या पायथ्याशीं राबलेल्या माणसांचें दप्तर मात्र कोणीं एकत्र केलें नाहीं. मालकांचीं चरित्रें झालीं, आगवाल्यांचीं झालीं नाहींत. अर्देसर वाडियांचें नांव टिकलें तें रॉयल सोसायटीच्या दप्तरामुळें; ज्यांचें नांव कोणत्याहि सोसायटीच्या वहींत चढलें नाहीं त्यांच्यासाठीं साधन एकच, तें म्हणजे घरोघरचे कागद. बाष्पपात्राच्या परीक्षेचे दाखले, पाळीच्या नोंदवह्या, हजेरीचे बिल्ले, हीं साधनें लालबाग-परळच्या चाळींतून रद्दींत जाण्यापूर्वीं इतिहासाच्या अभ्यासकांनीं टिपून घ्यावीं. शिलालेख हजार वर्षें वाट पाहतो. रद्दीचा कागद पुढल्या आवराआवरीपर्यंतहि थांबत नाहीं.