ले माँ: टीव्हीवर पाहायची की तिथं जाऊन?

(ताज्या भागाचं हे शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी काटछाट केली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)



मोटारींच्या शर्यतींवर आपण मागे बोललो होतो, तेव्हा एका श्रोत्यानं प्रश्न पाठवला होता. ‘ले माँची चोवीस तासांची शर्यत मी दर जूनमध्ये टीव्हीवर बघतो. गाडीच्या आतला कॅमेरा, हेलिकॉप्टरमधला कॅमेरा, ड्रायव्हरचं रेडिओवरचं बोलणं, सगळं घरबसल्या मिळतं. मग लाखो लोक तिथं तंबू ठोकून राहतात ते कशासाठी?’

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर शोधायला या शर्यतीच्या शंभर वर्षांच्या इतिहासात शिरावं लागतं. त्या इतिहासात एक फार वाईट दिवसही आहे. तिथपर्यंत आपण येऊच.

आधी जागा समजून घेऊ. ले माँ हे फ्रान्सच्या पश्चिम भागातलं, सार्त नदीकाठचं शहर. नकाशात नाव ‘ले मान्स’ असं दिसतं, पण फ्रेंच माणूस शेवटचा ‘स’ गिळतो. शर्यतीचा आजचा मार्ग १३.६२६ किलोमीटरचा आहे आणि त्यातला मोठा भाग म्हणजे चक्क सरकारी रस्ता. जूनमधला तो आठवडा सोडला, तर त्याच रस्त्यावरून ट्रक जातात, लोक कामाला जातात. तेरा-साडेतेरा किलोमीटरचा मार्ग असल्यामुळे एका जागी उभं राहून तुम्हाला त्याचा जेमतेम एक तुकडा दिसतो.

आता एक छोटा हिशोब करू. २०१० साली जिंकलेल्या ऑडी गाडीनं चोवीस तासांत ३९७ फेऱ्या मारल्या, म्हणजे ५,४१० किलोमीटर. अंतराचा तो विक्रम होता. समजा, तुम्ही एका वळणावर उभे आहात आणि दर फेरीला ती गाडी तुम्हाला पाच सेकंद दिसते. ३९७ गुणिले ५ म्हणजे १,९८५ सेकंद. साधारण तेहतीस मिनिटं. एक मिनिटही डुलकी न काढता तुम्ही अख्खे चोवीस तास कठड्याला धरून उभे राहिलात, तरी जिंकणारी गाडी तुमच्या वाट्याला अर्धा तास येणार. उरलेले साडेतेवीस तास ती कुठंतरी दुसरीकडे असते.

म्हणजे ‘शर्यत नीट कुठून दिसते?’ असं विचारलंत तर टीव्हीच जिंकला. वाद मिटला. पण ही शर्यत सुरू झाली तेव्हा ती नीट दिसावी असा कुणाचा हेतू तरी होता का?

१९२३: विजेताच नसलेली शर्यत

पहिली शर्यत २६ आणि २७ मे १९२३ रोजी झाली. ती भरवणारी संस्था तिथलीच, ऑटोमोबिल क्लब द ल’उएस्त, म्हणजे पश्चिमेचा मोटार क्लब. त्या काळात गाडी वेगानं पळते हे दाखवणाऱ्या शर्यती बऱ्याच होत्या. पण विकत घेतलेली गाडी रात्रभर चालेल का, दिवे टिकतील का, पावसात बंद तर पडणार नाही ना, हे कोण सांगणार? ते तपासायला ही परीक्षा होती.

त्या वेळी एक फेरी १७.२६२ किलोमीटरची होती. सुरुवातीलाच पाऊस आणि गारा पडल्या. आंद्रे लगाश आणि रने लेओनार या जोडीनं शनार-वॉकर गाडीतून १२८ फेऱ्या मारल्या, म्हणजे २,२०९ किलोमीटर. सगळ्यांत जास्त अंतर त्यांचंच. सरासरी काढली तर एका फेरीला सव्वाअकरा मिनिटं. प्रेक्षकानं एक गाडी पाहायची आणि तीच गाडी पुन्हा दिसायला सव्वाअकरा मिनिटं वाट पाहायची.

त्यात गंमत अशी, की त्या वर्षी अधिकृत विजेता नव्हताच. प्रत्येक गाडीला तिच्या इंजिनाच्या आकारानुसार अंतराचं लक्ष्य दिलेलं होतं आणि चषकाचा निकाल तीन वर्षांचा मिळून लागणार होता. आज आपण लगाश आणि लेओनारला पहिले विजेते म्हणतो, पण त्या दिवशी भिजत उभ्या असलेल्या माणसाला ‘कोण जिंकलं?’ याचं सरळ उत्तर मिळालं नसतं. तरी लोक आले आणि पुढच्या वर्षी परत आले. कारण चोवीस तास म्हटले, की संध्याकाळ आली, रात्र आली, खाणंपिणं आलं, झोप आली. हळूहळू शर्यतीभोवती जत्राच भरायला लागली. आजही तिथं आकाशपाळणा असतो, आणि रात्री त्यात बसलं की खाली अंधारात गाड्यांचे दिवे पळताना दिसतात.

कठड्याजवळची माणसं

तिथं असण्याचा अर्थ काय, हे कळायला १९५२ ची शर्यत बघू. पियेर लेव्हेग नावाचा फ्रेंच ड्रायव्हर स्वतःची टॅल्बो गाडी घेऊन उतरला होता. जोडीदार तयार होता, पण लेव्हेगनं गाडी त्याच्या हाती दिलीच नाही. एकटाच चालवत राहिला. चार नाही, आठ नाही, बावीस तासांहून जास्त! आणि तो पहिल्या क्रमांकावर होता. शेवटचा तास-सव्वा तास उरला असताना इंजिननं जीव सोडला. मर्सिडीजच्या गाड्या पहिल्या-दुसऱ्या आल्या.

त्याच लेव्हेगला तीन वर्षांनी मर्सिडीजनं आपल्या संघात घेतलं. तारीख ११ जून १९५५.

मंडळी, हा भाग सांगायला जड जातो, पण तो टाळला तर आजचा विषय अर्धवट राहील.

दुपारी चारला शर्यत सुरू झाली. मुख्य सरळ रस्त्यावर एका बाजूला पिट, म्हणजे गाड्यांना पेट्रोल आणि टायर देण्याची जागा, आणि दुसऱ्या बाजूला प्रेक्षक. रस्ता अरुंद. पिट आणि धावणाऱ्या गाड्या यांच्यामध्ये भिंत नाही. प्रेक्षक आणि रस्ता यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध. साडेसहाच्या सुमारास माइक हॉथॉर्नची जॅग्वार पिटकडे वळण्यासाठी मंदावली. मागून येणाऱ्या लान्स मॅक्लिननं धडक टाळायला आपली ऑस्टिन-हीली डावीकडे घेतली. त्याच्या मागे लेव्हेगची मर्सिडीज भरधाव येत होती. ती मॅक्लिनच्या गाडीवर चढली, उडाली आणि बांधावर आपटली. इंजिन आणि पुढचा सांगाडा सुटून थेट गर्दीत घुसला. लेव्हेग आणि ऐंशीहून जास्त प्रेक्षक मृत्युमुखी पडले. मोटार शर्यतींच्या इतिहासातली ही सर्वांत भीषण दुर्घटना.

आणि शर्यत थांबली नाही.

आयोजकांनी कारण असं दिलं, की शर्यत थांबवली तर लाखोंची गर्दी एकदम बाहेर पडेल, रस्ते तुंबतील आणि रुग्णवाहिका अडकतील. या निर्णयावर आजही वाद होतो. पण तो निर्णय अमलात आणणं शक्य झालं, कारण मार्ग तेरा किलोमीटरचा होता. दूरच्या वळणांवरच्या लोकांना गाड्या नेहमीसारख्या जाताना दिसत होत्या. मुख्य स्टँडसमोर काय घडलंय, याची त्यातल्या पुष्कळांना तेव्हा कल्पनाही नव्हती. मध्यरात्र उलटल्यावर मर्सिडीजनं आघाडीवर असूनही आपल्या गाड्या मागे घेतल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉथॉर्न आणि आयव्हर ब्यूब जिंकले.

विचार करा. ‘मी तिथं होतो’ असं म्हणणारी दोन माणसं. एकाच्या शेजारचा माणूस गेला. दुसरा दोन-तीन किलोमीटरवर कॉफी पीत गाड्या मोजत होता. दोघंही ‘प्रत्यक्ष हजर’. म्हणून प्रत्यक्ष पाहिलेलं तेच खरं, असं कुणी ठासून सांगितलं की मला ११ जून आठवतो.

प्रेक्षक मागे गेला, कॅमेरा पुढे आला

त्यानंतर बरंच बदललं. स्वित्झर्लंडनं तर आपल्याकडे अशा शर्यतींवर बंदीच घातली. ले माँमध्ये जुने स्टँड आणि पिट पाडून नवे बांधले, रस्ता रुंद केला, प्रेक्षकांना मागे सरकवलं. पुढच्या दशकांत कुंपणं उंच झाली, मधली मोकळी जागा वाढली. २०११ साली ॲलन मॅकनिशची ऑडी कठड्यावर आदळून तिचे तुकडे छायाचित्रकारांच्या दिशेनं उडाले. कुणालाही गंभीर इजा झाली नाही. कठडा आणि मोकळी जागा होती, म्हणून.

प्रेक्षक मागे जात होता, त्याच काळात कॅमेरा मात्र पुढे चालला होता. १९७० च्या शर्यतीत स्टीव्ह मॅक्वीनच्या ‘ल माँ’ या चित्रपटासाठी एक पोर्श ९०८ कॅमेरे बसवून चक्क स्पर्धेत उतरवली होती. ती पूर्ण वेळ धावली, पण फिल्मची रिळं बदलायला सारखी थांबत असल्यामुळे तिचं अंतर कमी पडलं आणि तिला निकालात जागा मिळाली नाही. आज जवळजवळ प्रत्येक गाडीत कॅमेरा असतो. १९५५ आधी कठड्याला खेटून उभ्या असलेल्या माणसाला जे दिसायचं, त्याहून जवळचं आज आपल्याला मोबाइलवर दिसतं, आणि जिवाला धोका नाही. टीव्हीची ही बाजू मला फार मोठी वाटते.

डोळ्यांना दिसतं तेही फसवतं

१९६६ ची गोष्ट ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ हा चित्रपट पाहिलेल्यांना माहीत असेल. फोर्डच्या गाड्यांनी मुद्दाम एकत्र रेषा ओलांडली, फोटो छान यावा म्हणून. समोर बसलेल्यांना वाटलं, बरोबरी झाली. पण निकाल ब्रूस मॅक्लारेन आणि क्रिस ॲमन यांच्या बाजूनं लागला, कारण त्यांची गाडी सुरुवातीला काही मीटर मागे उभी होती, म्हणजे चोवीस तासांत तिनं तेवढं अंतर जास्त कापलं! केन माइल्स आणि डेनी हुल्म दुसरे. माइल्स दोन महिन्यांनी गाडीची चाचणी घेताना अपघातात गेला.

तिथं जाणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. म्हणूनच १९८० च्या दशकापासून तिथं ‘रेडिओ ले माँ’ आहे. हजारो प्रेक्षक गाड्यांच्या समोर उभे राहून कानात इअरफोन घालतात आणि शर्यतीत काय चाललंय ते समालोचकाकडून ऐकतात. आम्हा बोलण्यावर जगणाऱ्यांना याचं अप्रूप वाटणारच!

मग तिथं काय मिळतं?

पहिलं, आवाज. १९९१ साली माझ्दा ७८७बी जिंकली. तिच्या इंजिनात पिस्टन नव्हते, चार फिरते रोटर होते, आणि तिची किंकाळी आजही लोक आठवतात. २००६ साली ऑडीनं पहिल्यांदा डिझेल गाडी जिंकवली, ती उलट इतकी शांत की जवळून जाताना टायर आणि वाऱ्याचाच आवाज जास्त. टीव्हीवर आवाजाची पातळी सारखी केलेली असते, त्यामुळे हा फरक तिथं पुसला जातो.

दुसरं, रात्र. आर्नाज किंवा म्युल्सानच्या वळणावर अंधारात ब्रेकच्या डिस्क लालबुंद झालेल्या दिसतात.

तिसरं, वेळ. टीव्हीवर काही घडत नसलं की दिग्दर्शक दुसरीकडे नेतो, आपण चॅनल बदलतो, झोपतो. तिथं ‘काही घडत नाही’ हाच शर्यतीचा मोठा भाग असतो. ड्रायव्हरबरोबर तुम्हीही थकता. २०१६ साली शेवटच्या काही मिनिटांत आघाडीवरच्या टोयोटाची ताकद गेली आणि काझुकी नाकाजिमाची गाडी मुख्य स्टँडसमोरच थांबली. रेडिओवरचा त्याचा आवाज जगभर टीव्हीवर ऐकू आला. त्या क्षणी जास्त माहिती टीव्हीवाल्याकडे होती. पण स्टँडमधल्या माणसानं त्याआधीचे जवळजवळ चोवीस तास त्या गाडीबरोबर काढले होते.

आणि चौथं, गर्दी स्वतः. २०२० साली कोविडमुळे जूनमधली शर्यत पुढे ढकलली. तेव्हा जूनच्या तारखांना ५० गाड्या आणि २०० ड्रायव्हर घेऊन ती संगणकावर खेळली गेली, आणि खरी शर्यत सप्टेंबरमध्ये प्रेक्षकांविना झाली. म्हणजे तुमच्या प्रश्नाचा प्रयोगच झाला म्हणा ना! शर्यत झाली, निकाल लागला, टीव्हीवर सगळं दिसलं. तरी लोकांनी ‘चला, आता घरूनच बघू’ असं काही ठरवलं नाही. २०२३ साली शंभराव्या वर्षाला ३,२५,००० लोक आले. त्याच वर्षी पन्नास वर्षांनी पहिल्या वर्गात परतलेली फेरारी जिंकली.

आपला माणूसही तिथं धावलाय बरं का. २०१२ साली करुण चंढोक ही शर्यत धावणारा पहिला भारतीय ठरला आणि त्याची गाडी सहावी आली.

तर माझं उत्तर असं. शर्यत समजून घ्यायची असेल तर टीव्ही. चोवीस तास म्हणजे नेमके किती, हे अंगावर घ्यायचं असेल तर तिथं जा. दोन्हीकडे अख्खी शर्यत कुणालाच दिसत नाही. आणि तिथं गेलात, गाड्या फार लांबून जातात म्हणून कुंपणाचा राग आला, तर ते तिथं का आहे ते आठवा.

घरून बघणार असाल तर फ्रान्समधले चार म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. शनिवारी साडेसातला सुरू, रविवारी साडेसातला संपणार. एकदा तरी मध्येच तीन वाजता उठून अर्धा तास बघा. कसं वाटलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!