जुना संगणक आणि बिनतारी जाळ्याचे कुलूप

१/७
१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९७ मध्ये, आज ज्याला आपण वाय-फाय म्हणतो त्याचे पहिले तांत्रिक मानक प्रसिद्ध झाले होते. जिल्हा आणि हे तंत्र असे समवयस्क आहेत. या तंत्राच्या इतिहासातील एका दुर्लक्षित घटकाविषयी आजचा धागा : संगणकातील वाय-फाय जोडणी सांभाळणारे सॉफ्टवेअर.

२/७
आसपासची जाळी शोधणे, पासवर्ड पडताळून घेणे आणि जोडणी टिकवणे ही त्याची कामे. विंडोज ९८ मध्ये अशी अंगभूत सोय नव्हती. वाय-फाय कार्डासोबत येणाऱ्या सीडीतील सॉफ्टवेअरवरच सारी भिस्त असे. सीडी हरवली की कार्ड निरुपयोगी. २००१ च्या विंडोज एक्सपीने ही सोय प्रथमच अंगभूत दिली.

३/७
त्याच वर्षी फ्लुहरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी ‘वेप’ हे मूळ कुलूप कच्चे असल्याचे दाखवून दिले. २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ आले. जुन्या कार्डांवरही चालावे, अशीच त्याची रचना होती. २००४ मध्ये अधिक भक्कम ‘डब्ल्यूपीए-२’ आले. एक्सपीला ते समजण्यासाठी मात्र २००५ मध्ये निराळे अपडेट घ्यावे लागले. ज्याने ते घेतले नाही, त्याच्या संगणकाला नवे कुलूप उघडेना. मग घरातील सर्वांत जुन्या यंत्रासाठी राउटरचेच कुलूप कच्चे ठेवण्याचा मोह होई.

४/७
भारतात जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीची उपकरणे परवानामुक्त झाली आणि वाय-फायला घराघरांची वाट मोकळी झाली.

५/७
कुलूप नसण्याची किंमत महाराष्ट्राला २००८ मध्ये कळली. २६ जुलैला अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईतील एका असुरक्षित वाय-फाय जोडणीपर्यंत पोहोचला. जोडणी एकाची, वापर भलत्याचाच! २००९ च्या आरंभी मुंबई पोलिसांनी उघड्या जाळ्यांची तपासणी हाती घेतली. पाठोपाठ दूरसंचार विभागानेही सुरक्षित वापराच्या सूचना काढल्या.

६/७
दरम्यान मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात फिनलंडच्या योउनी मालिनेन यांचे ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ आणि रेड हॅटने २००४ मध्ये आरंभलेले ‘नेटवर्क मॅनेजर’ उभे राहिले. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपला, तेव्हा जुन्या यंत्रांना हाच आसरा उरला.

७/७
रिसोड किंवा कारंज्यातील एखाद्या घरी असा संगणक पडून असेल, तर हलकी लिनक्स प्रणाली बसवून पाहावी. त्यात ‘नेटवर्क मॅनेजर’ बहुधा असतेच. कार्डालाच ‘डब्ल्यूपीए-२’ येत नसेल, तर लिनक्सवर चालणारा छोटा यूएसबी अडॅप्टर जोडावा. जुन्या यंत्रासाठी घराचे कुलूप मात्र काढू नये. २००८ च्या उन्हाळ्यानंतरच्या त्या दिवसांनी महाराष्ट्राला दिलेला धडा हाच आहे.